पलाद, म्हातारी परत आलीच नव्हती

पलाद, आधी मला एक सांग. स्वतः काढलेला ग्रुप स्वतःच सोडून कोणी जाते का रे? नाव तू ठेवलं, 'पाताळ कमिटी'. ॲडमिन तू. चार जणांचा ग्रुप, त्यातून तू रागारागात निघाला, तर मोबाइलनं आपोआप अन्सारला ॲडमिन करून टाकलं. ज्या माणसाला सायकलचं पंक्चर दोन मिनिटांत काढता येतं, पण ग्रुपवर फोटो टाकायला पोरीला हाक मारावी लागते, तो आठ महिन्यांपासून आमचा ॲडमिन आहे. हे तुझं काम.

कोइमतूरहून लिहितो आहे. जेवणाच्या सुट्टीत, पंपाच्या खोक्यावर वही ठेवून. मीनाताई फोनवर म्हणाली, "लिहून काढ दिन्या, नाई तं डोक्यात सडते ते." तिच्या ओळखीचे कोणी वाशिमला दिवाळी अंक काढतात, त्यांना देणार म्हणते. मला तेव्हापासून धास्ती बसली आहे. नववीत शाळा सोडलेला माणूस मी, माझे ऱ्हस्व-दीर्घ लोकांनी पाहायचे म्हणजे काय. पण तू माझ्या लिहिण्याला कधी हसला नाहीस. बाकी सगळ्याला हसलास, लिहिण्याला नाही. म्हणून लिहितो.

आणि लोक वाचणार तर त्यांना आपला पिच्चर सांगावा लागेल. तू कंटाळू नको, थोडक्यात सांगतो.

एका मुलखातली नदी जमिनीखाली निघून जाते. ती परत आणायला एक पोरगी, एक लठ्ठ शिपाई, एक चोर आणि एक आंधळी म्हातारी कोरड्या विहिरीतून पाताळात उतरतात. खाली सगळा अंधार, पण म्हातारीला त्याचं काही नाही. ती भिंतीला हात लावून, पावलं मोजत पुढं चालते आणि बाकीचे तिच्या मागं. परदेशी पिच्चर, हिंदीत बोलणारा. तू कारंज्याच्या बसस्टँडजवळून आणला होता, तीन सीड्यांचा, वर स्केचपेननं आकडे टाकलेले. सोळा वर्षं झाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बैलांना काम नसतं तशी तुझ्या गिरणीलाही सुट्टी असायची. भर दुपारी दार लावून, खिडकीच्या फटीत पोती कोंबून आपण तो लावला. मग दरवर्षी करीला लावला. वरच्या जमिनीवरचा भाग तू पुढं पळवायचा. "वरचं काय पाहाचं, वरचं रोजच पाहून राह्यलो," म्हणायचा. फक्त पाताळ पाहायचं, आणि पाहून झालं की प्रत्येकानं आपली आवडती जागा सांगायची आणि ती का आवडते ते पटवून द्यायचं. नियम तुझाच.

अन्सारची जागा म्हणजे आवाजांचा बाजार. खाली एके ठिकाणी अंधारात बाजार भरतो. कोणालाच काही दिसत नाही म्हणून लोक आवाज विकतात, आणि तो लठ्ठ शिपाई आपलं घोरणं देऊन दोर घेतो.

"काय डोकं लावलं यार," अन्सार दरवर्षी म्हणायचा. "घोरणं इकलं! माह्या घरी या, फुकट देतो."

"तुह्या बायकोनं कधीच काढलं असतं इकाले," मीनाताई. "कोणी घेईन तवा ना."

अंगणवाडीतून घरी जाताना पिठाचा डबा घ्यायला आलेल्या या बाईनं पहिल्या वर्षी दारात उभं राहून अर्धा पिच्चर पाहिला आणि पुढच्या वर्षी स्वतःची सतरंजी घेऊन आली. तिची जागा ओढणीची. पोरगी ओढणीचं एक टोक आपल्या मनगटाला बांधते, दुसरं म्हातारीच्या.

"आता पाहा, कोणी कोणाले धरलं ते कळतच नाई," ताई म्हणायची.

"काहून नाई कळत? लहान लेकराले बांधते तसं बांधलं म्हातारीनं तिले," तू. "तुमी सगळीकडं अंगणवाडी घुसवता."

"मंग काय तुह्यी गिरणी घुसवू?"

माझी जागा तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. मशाल विझते आणि पडदा नुसता काळा राहतो. फक्त चौघांचा श्वास ऐकू येतो. पहिल्या वेळी नेमकी तिथंच लाइन गेली होती. टीव्ही बंद, पंखा बंद, आणि आपण चौघंही गप बसून राहिलो, पिच्चर चालू आहे असं समजून. किती तरी वेळ. मग अन्सार हळूच म्हणाला, "लय लांबवलं बाप्पा." आणि बाहेरून कोणी तरी ओरडलं की फेज गेला. आपण किती हसलो होतो.

ती जागा मला का आवडते हे सांगायला तू मला उभं केलं. मी उभा राहिलो आणि घसा बंद. शाळेतही हेच व्हायचं. वाचायला उभं केलं की अक्षरं दिसायची पण आवाज निघायचा नाही, बाक हसायचे, आणि नववीत एक दिवस मी गेलोच नाही. तेव्हा अन्सार माझ्याऐवजी बोलायला लागला तर तू त्याला म्हणाला, "चूप बे. त्याचं होऊ दे." आणि तू बसून राहिला. खरंच बसून राहिला, घाई नाही, हसू नाही, जसा एखाद्याचं दळण व्हायची वाट पाहतोस तसा. मी शेवटी काय बोललो ते आठवत नाही. पण बोललो. कोइमतूरच्या कारखान्यात मुलाखतीला मला मोडक्या हिंदीत चार वाक्यं बोलता आली ती तिथली आहेत. फॉर्मही तूच भरला. "जा," म्हणाला, "इथं काय ठेवलंय." हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, कारण तू लगेच काही तरी वाकडं बोलला असतास.

आता तुझी जागा. आपल्या सीडीत काय व्हायचं ते सांगतो. पाताळाच्या शेवटी एक दगडी दार आहे. त्याच्या आतल्या पाट्यावर कोणी तरी बसून राहिलं तरच ते उघडं राहतं. म्हातारी बसते. कंबरेचं गाठोडं सोडून शेंगदाणे खायला लागते आणि बाकीच्यांना म्हणते, निघा. ते निघतात, नदी मागोमाग वर येते, ऊन, लोक, नाचगाणं. ते वरचं म्हणून तू पळवायचा आणि नावं यायच्या आधीच सीडी काढायचा. आणि मग आपली तिसरी सीडी लागायची. पुन्हा पाताळ. पुन्हा तेच चौघं चालताहेत, आणि पुढं म्हातारी, भिंतीला हात लावून.

नदी आणून झाल्यावर ते पुन्हा खाली गेले, म्हातारीला आणायला. आणि ती सापडली. हे तू आम्हाला समजावून सांगितलं होतं, पहिल्याच वर्षी. शेवटी मिठाच्या तळ्याकाठी सगळे भाकरी खात बसतात, म्हातारी शिपायाच्या पोटावर थाप मारून हसते, आणि संपलं. तुझी आवडती जागा तिसऱ्या सीडीचं पहिलं मिनिट.

"पाहा," तू म्हणायचा, "कोणी काही इचारते का? कशी आली, कुठून आली, काई नाई. आली अन् लागली चालाले. बस."

दरवर्षी हेच. दरवर्षी तुझा आवाज तिथं थोडा बसायचा आणि तू उठून उगाच गिरणीचा पट्टा तपासायचा.

मागच्या थंडीत माझ्या खोलीतल्या ओडिशाच्या पोरानं मोबाइलवर तोच पिच्चर लावला. मी आनंदानं त्याच्या शेजारी बसलो. म्हटलं, याला आता एकेक जागा सांगू. तर विहिरीत उतरल्याबरोबर आपली तिसरी सीडी सुरू झाली! ओढणी, बाजार, मशाल, मिठाचं तळं, सगळं आधीच. दगडी दार शेवटी. म्हातारी बसली, बाकीचे निघाले, नदी आली, नावं सुरू झाली. मी त्याला म्हटलं, अजून आहे. तो म्हणाला, नाही भैया, खतम. कारंज्याच्या त्या दुकानदारानं दोनवर तीन आणि तीनवर दोन लिहून दिलं होतं, पलाद. ते म्हातारीला आणायला कधी गेलेच नाहीत.

मी काय करायला पाहिजे होतं? तूच सांग. मला वाटलं मोठा शोध लावला. ताबडतोब ग्रुपवर आवाज पाठवला, "पलाद, आपल्या सीड्याचे नंबर उलटे होते बे! म्हातारी परत येतच नाई! ते सगळं पयलेचं हाय!" अन्सारनं तोंडावर हात ठेवलेलं चित्र पाठवलं, पोरीकडून. तुझं उत्तर दुपारनंतर आलं. "तुले कोणं सांगतलं होतं पाहाले." मग दुसरं, "मारली ना म्हातारी." आणि खाली बारीक अक्षरात, तू ग्रुप सोडल्याची ओळ.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "गिऱ्हाईक हाय," म्हणून ठेवला. तिसऱ्या दिवशीही गिऱ्हाईक. आपल्या जऊळक्यात एवढं दळण कधीपासून निघायला लागलं? मग मीही अडलो. माझी चूक काय होती? खोटं बोललो होतो का? एका पिच्चरपायी, तोही दुसऱ्या देशातला, चाळिशीला आलेला माणूस बोलणं टाकतो? मी कितीदा 'जेवला का' एवढं लिहिलं आणि पुसलं, ते माझ्या मोबाइललाच ठाऊक. संक्रांत गेली, होळी गेली, तुझ्या पोरीचा निकाल लागला तेव्हाही मी तिच्या आईच्या फोनवर अभिनंदन कळवलं, तुझ्या नाही. बस तुझ्या गिरणीत, म्हटलं.

आणि मग अन्सारचा फोन. मी पॅकिंगला होतो. त्यानं सांगितलं, पलाद अकोल्याच्या दवाखान्यात वारला, सकाळी. मी त्याला काय म्हणालो माहीत आहे? "मले काहून सांगून राह्यला? त्याचं अन् माह्यं बोलणं बंद हाय." मी हे बोललो. अन्सारनं तरी फोन कट केला नाही, हे त्याचे उपकार.

सुपरवायझरच्या पाया पडायचं बाकी ठेवून आठ दिवस सुट्टी काढली. पोहोचलो तिसऱ्या दिवशी. तेरवीपर्यंत गिरणी बंद ठेवली होती, पण दार लोटलेलं होतं आणि आतून टक टक आवाज येत होता. आत सुनंदावहिनी. गिरणीचा वरचा दगड उलटा टाकून, पोत्यावर बसून टाकी लावत होत्या. घासून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायच्या, हे काम तू सोळा वर्षांत कोणाला हात लावू दिलं नव्हतं. अन्सारनं एकदा छिन्नी उचलली होती तर त्याच्या बापापर्यंत गेला होतास.

"वहिनी, हे तुमाले कोणं शिकवलं?"

"याइनंच." त्यांनी वर पाहिलं नाही. "संक्रांतीपासून बसवत होते. बोटं फुटली माह्यी. म्हणत, खाच वाकडी आली, पुन्हा कर."

"पण काहून?"

"किडनीचं दिवाळीतच समजलं होतं, भाऊजी."

दिवाळीत. आपलं भांडण थंडीतलं. म्हणजे मी तो आवाज पाठवला तेव्हा तुला ठाऊक होतं.

"मले काहून नाई सांगतलं कोणी?"

"तुमी आले असते नोकरी सोडून."

"आलोच असतो!"

"मंग. तेच नको होतं त्याइले. मी म्हटलं, निदान बोला तं दिनेशभाऊसंगं. तं म्हणे, भांडण हाय ते बरं हाय, चालू दे."

मागून अन्सार चहाची किटली घेऊन आला होता. "वहिनी, कायच्या काय नका सांगू त्याले," तो म्हणाला. "राग होता त्याचा. खराखुरा. रोज माह्या दुकानात येऊन म्हणे, दिन्यानं वाट लावली पिच्चरची. जिद्दी होता, बस."

"दोन्ही असन," वहिनी म्हणाल्या आणि छिन्नी पुन्हा दगडाला लावली.

पलाद, याचा मी काय अर्थ काढू? वहिनीचं खरं धरलं तर तू मला वाचवायला सात महिने तोंड फिरवून बसला, आणि तुला हे करायला कोणी सांगितलं होतं? माझी नोकरी मी पाहिली असती. मी परत आलो असतो, तुला अकोल्याला नेलं-आणलं असतं, तुझं वाकडं बोलणं ऐकलं असतं. ते ठरवणारा तू कोण? आणि अन्सारचं खरं धरलं तर तू नुसता रुसून मेलास. दोन्हीत मी तुझ्यावर चिडूनच राहतो. एक फोन. अर्ध्या मिनिटाचा. आणि हो, माझाही एक फोन, ते मला कळतं. ते रोज कळतं.

वहिनीनं अजून एक सांगितलं. तू तो पिच्चर मोबाइलवर पाहिला होतास, खऱ्या क्रमानं. तीनदा. भिंतीकडं तोंड करून, कानात वायर घालून.

"मंग? काय म्हणे?"

"म्हणे, दिन्या खरं बोलला. पण पाहून समजलं नाई त्याले काई."

"काय नाई समजलं?"

"ते नाई सांगतलं. मी बी नाई इचारलं. कपडे पडले होते धुवाचे."

घ्या! खरं बोलला हे तू कबूल केलं, तेही बायकोजवळ, आणि वर मला काही समजलं नाही म्हणून ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी मी स्टेशनच्या बाकावर बसून पुन्हा पाहिला. फक्त पाताळ. तुझ्या नाकावर टिच्चून पाहिला. मिठाच्या तळ्याकाठी भाकरी खाताना म्हातारी पोरीला सारखी काही तरी विचारत असते. किती पावलं झाली? ओली भिंत कोणत्या हाताला? दगड उलटा लागला तर काय करायचं? आपल्या क्रमानं पाहताना तो आपल्याला म्हातारीचा चाळा वाटायचा, सुटून आलेली बाई बडबडते आहे असा. अन्सार तिथं हमखास मुतायला उठायचा. दाराच्या आधी पाहिलं तर ती पोरीला शिकवते आहे. चुकलं की पुन्हा विचारते. तिला दाराचं ठाऊक आहे, पहिल्यापासून.

मी पाहताना नंबर पाहिले होते. तू हे पाहिलं, आणि वहिनीच्या हातात छिन्नी दिली. माझ्या हातात कधीचाच फॉर्म देऊन 'जा' म्हणाला होतास, ते आठवत मी बाकावर बसून राहिलो. गाडी येऊन गेली.

हे सगळं तू मला सांगू शकला असतास. काय मस्त भांडलो असतो आपण त्यावर. मी म्हटलं असतं, मंग आधीच सांगाचं ना तिनं, लपवलं काहून? बाकीच्यांचं काही मत नाही का? पोरीला विचारलं का, तुला एकटीला वर जायचं आहे का म्हणून? याचं उत्तर तुझ्याकडं नव्हतं, पलाद. मला खात्री आहे, नव्हतं. म्हणूनच फोन केला नाहीस.

परतायच्या आदल्या दिवशी कमिटी गिरणीत बसली. तिघंच. कर महिन्यावर आली होती. मीनाताईनं विषय काढला, यंदा लावायचं का, आणि लावायचं तर कोणत्या क्रमानं.

"आपल्या," अन्सार म्हणाला. "त्यात इचाराचं काय? त्याचीवाली जागा त्यातच हाय. दुसरीकडं कुठं हाय ती? दुनियेत कोणाच्याच पिच्चरमध्ये नाई."

"पण ते खोटं हाय," मी म्हटलं आणि माझं मलाच वाईट वाटलं.

"तू तं बोलूच नको."

"त्याले बोलू दे," ताई.

पण मला बोलायचंच नव्हतं. खऱ्या क्रमानं लावा म्हटलं तर म्हातारीला मी दुसऱ्यांदा मारणार. आपल्या क्रमानं लावा म्हटलं तर सात महिने कशासाठी भांडलो? वहिनी मागं पिठाची गळती झाडत होत्या. ताईला काय वाटलं, तिनं मान वळवून विचारलं, "सुनंदा, तुह्यी आवडती जागा कोणती व?"

झाडू थांबला.

"मी कुठं पाह्यला, ताई? तुमी लावा तवा मी चहा करो, मंग भजे. दोन-तीन डाव दारातून पाह्यलं तं नुसता अंधार दिसला."

सोळा वर्षं. आपण चौघं आवडत्या जागांवर भांडत बसलो, आणि भजी खाल्ली. अन्सारनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"मंग तं झालंच," तो घाईघाईनं म्हणाला. "वहिनीसाठी लावू यंदा. आपलावाला लावू, वहिनी. त्याच्यात म्हातारी परत येते."

वहिनींनी झाडू भिंतीला टेकवला. पदरानं हात पुसले, सावकाश.

"नाई अन्सारभाऊ," त्या म्हणाल्या. "जसा हाय तसा लावा. परत येते म्हणून दाखवसान मले, अन् मंग? सकाळी उठून गिरणी मलेच चालू कराची हाय."

ताईनं मान हलवली, आणि ठरलं.

तर कर आता चार दिवसांवर आली आहे. एक, दोन, तीन असा लावणार. वहिनी पुढं सतरंजीवर बसणार, चहा अन्सार करणार, म्हणजे तो पिण्यालायक नसणार. मी इथून फोनवर ऐकेन, सुपरवायझरनं अर्धा तास कबूल केला आहे. वहिनींना नंतर त्यांची जागा विचारू, आणि त्या बोलेपर्यंत थांबू. तुझी जागा यंदा येणार नाही, पलाद. मागच्या वेळी न विचारता सांगून मोकळा झालो म्हणून चिडला होतास ना? या वेळी चार दिवस आधी सांगतो आहे.